कुठंही चालणारं कार्ड

“बाने, हौद कोरडा पडू देऊ नको. मुकं जनावर पाणी मागत नाय.” अखेरच्या घटकेला खंडेराव बायकोला एवढंच बोलले होते. बानाबाईंनी मान हलवली होती. तो हौद खुलताबादच्या घाटात, मेंढरांच्या वाटेवर. पुतण्या बिरूचा कळप अजून तिथंच पाण्याला यायचा. बानाबाई मात्र आता शहरात, मुलाकडं, ‘जलविहार’च्या सातव्या मजल्यावर. जलविहारात पोहण्याचा तलावसुद्धा होता. नळाला पाणी तेवढं आठवड्यानं यायचं.

पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली, तेव्हा बानाबाईंनी हातखर्चाचे पैसे टँकरवाल्याला देऊन हौद भरून घेतला. ते रामेश्वरला कळलं. तो आईवर रागावला नाही; शिकलेला होता. त्यानं प्रीपेड कार्ड आणून दिलं.

“आई, आजपासून तू स्वतंत्र. हे कुठंही चालतं. पैसे मी भरत जाईन. मेसेजही माझ्याच मोबाइलवर येईल, तुला कटकट नको.”

“ह्यातून नोटा निघत्यात का रं?”

“नाही ना! म्हणून तर हेच घेतलं.”

बानाबाईंनी त्या स्वातंत्र्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

कार्ड खरंच गुणाचं निघालं. मॉलमध्ये चाललं. पिझ्झाच्या दुकानात चाललं. शेजारणीच्या कुत्र्याच्या बिस्किटांनासुद्धा चाललं. टँकरवाल्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. “मावशी, ह्याचं काय करू? डिझेलच्या टाकीत टाकू?”

बानाबाईंनी मुलाला सांगून पाहिलं.

“आई, जनावरांचं सरकार बघेल. तू जरा स्वतःवर खर्च करायला शीक.”

बानाबाई शिकल्या.

पुढच्या सोमवारी रामेश्वरच्या मोबाइलवर मॉलचा मेसेज आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. रक्कम पाहून सून सृष्टीनं विचारलं, “आई, एवढं घेता तरी काय?”

“पाणी, बाई. सीलबंद.”

रामेश्वरला भरून आलं. संध्याकाळी त्यानं सोसायटीच्या बागेत चारचौघांना ऐकवलं, “आमची आई आता विकतचंच पाणी पिते. माणूस बदलतो हो!” आणि खूश होऊन कार्डात जास्तीचे पैसे भरले.

आज पुन्हा सोमवार. बानाबाईंचा उपास, आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचं दर्शन. त्याला घरात कुणाची हरकत नसायची; रिक्षाच्या भाड्यापुरते पैसे सून मोजून हातात द्यायची. मॉलच्या दारात रिक्षावाला मागच्या सीटवर पाण्याचे जार रचत होता. त्याला घाम फुटला होता.

“अम्मा, इत्ता पानी? भगवान कू नहलाना है क्या?”

बानाबाईंनी कार्ड कनवटीला खोचलं. उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या आणि शेवटचा जार मांडीवर घेतला.

“देवाचं मागून बघू, बाबा. आधी घाटातल्या हौदापाशी थांब,” त्या हळूच म्हणाल्या. “मेंढरं यायच्या आत सीलं फोडायची हायेत.”