बोगद्याच्या अलीकडे

बोगद्याआधीचा शेवटचा थांबा दिसू लागला, तशी ताम पुई-हाने सूपचा थर्मास मांडीवर घट्ट धरला. या मिनीबसला घंटी नाही. उतरायचं तर ओरडून सांगायचं, नाहीतर गाडी थेट बोगद्यात. मग पलीकडून परत येईपर्यंत इस्पितळातली भेटायची वेळ संपलेली, आणि नवरा दाराकडे डोळे लावून बसलेला.

गळ्याच्या ऑपरेशननंतर ती आज पहिल्यांदाच एकटी निघाली होती. "मी येते ना सोबत," असं लेक तीनदा म्हणाली. "तोंडातून शब्द फुटत नाही तुझ्या, गाडी थांबवणार कशी?" पुई-हाने मान उडवली होती. एके काळी तिच्या हाकेने अख्खी गाडी दचकायची. लाजऱ्याबुजऱ्यांसाठीसुद्धा तीच ओरडायची.

तिने तोंड उघडलं. रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐन रंगात आली होती. आवाज फुटलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

गाडी थांब्यापाशी आली आणि थांबली. ड्रायव्हर बिउ या रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवत होता, आणि समोरच्या आरशात त्याला सगळं दिसत होतं. त्याने रेडिओ बंद केला. दार मात्र उघडलं नाही.

"काय झालं हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"इंजिन गरम झालंय."

"आत्ता? बोगद्याच्या तोंडाशी?"

"त्यालाच विचारा की! मला काय विचारता?"

गाडीत खसखस पिकली. आरशातून बिउ तिच्याकडेच बघत होता. पुई-हाच्या लक्षात आलं. मेल्याचा रागही आला आणि डोळेही भरले. तिने पुन्हा तोंड उघडलं.

"जरा... थांबवता का हो? मला उतरायचंय."

आवाज खरखरीत होता, पण होता.

"ऐकलं!" बिउने दार उघडलं. "थांबवतो, थांबवतो. सावकाश उतरा, ताम ताई."

गाडी बोगद्यात दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती. घाईत आभार मानायचे राहूनच गेले होते, आणि ते मनात ठेवून पुढे जाववेना. तिने छातीभर श्वास घेतला.

"फार उपकार झाले हो!"

रस्त्याच्या पार पलीकडे पाचोळा झाडणाऱ्या म्हाताऱ्याने खराटा थांबवून वर पाहिलं.

"राहू द्या हो, बाई," तो तिकडून ओरडला, "माझं रोजचंच काम आहे."