टाकीतले गप्पी

भोसरीच्या प्लेटिंग कारखान्याचे मालक धायगुडे प्रदूषण मंडळाच्या दर तपासणीच्या सकाळी, पाणी स्वच्छ दिसावं म्हणून, गप्पी मासे विकत आणून सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीत सोडत. दुपारपर्यंत ते मरत, पण तोवर अधिकारी गेलेला असे. यंदा जर्मन कंपनीची ऑर्डर त्याच्या सहीवर अडली होती. नव्या केमिस्ट मृणालने चुना मोजून घालून निकेल तळाशी बसवलं, चुन्याने अल्कधर्मी झालेलं वरचं पाणी आम्लाने ताळ्यावर आणलं. त्यामुळे मागच्या तपासणीला सोडलेले मासे मेले नाहीत, तरी धायगुड्यांनी आज नवे सोडलेच. अधिकाऱ्याने डोकावून विचारलं, "मासे ताजे दिसतात. सकाळचेच का?" मृणालने काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घेऊन उजेडात धरलं. आत तांदळाएवढी पाच-सहा पिल्लं सुळसुळत होती. अधिकाऱ्याने बराच वेळ पाहून सही केली. तो जाताच धायगुडे मृणालला हळूच म्हणाले, "एवढी बारीक पिल्लं कुठल्या दुकानातून आणलीत?" "आणली नाहीत, साहेब. झाली."