तासभर नदी

म्हाताऱ्या गेनबाच्या मनगटावरचा दिवा अजून हिरवाच होता. तो विझला की धरणावरच्या यंत्राला मृत्यूची खबर जाई आणि अंत्यविधीनंतरच्या अंघोळीपुरतं, तासभर, नदीला पाणी सुटे. एरवी पात्र कोरडंच.

अंगणापासून नदीपर्यंत हंड्यांची रांग लागली होती.

"कसं हाय आता?" शेजारच्या तानूबाईनं दारातून पुन्हा विचारलं.

"बरं हाय. वाटीभर पेज प्याले," सून कौसल्या म्हणाली.

बाहेरची कुजबुज थांबली. बरं झालं, असं कुणीच म्हणालं नाही.

तेवढ्यात गेनबानं डोळे उघडले. सुनेला जवळ बोलावून त्यानं हळूच विचारलं, "आपला हंडा लावलास का रांगेत?"

कौसल्येनं मान खाली घातली. रांगेतला पहिला हंडा तिचाच होता.