उजेड काय असते

दुपार कलली तेव्हा महादेवरावांनी लिंबाखाली गाडी थांबवून बैलांना पाणी पाजलं. खामगावच्या दवाखान्यातलं जागरण अंगात भरलं होतं. पिंपळगाव राजा अजून लांब. वडिलांना, इंद्रभान आबांना, हाताला धरून त्यांनी सावलीत बसवलं.

"डाक्टर आत काय म्हने?" आबांनी विचारलं.

"औषधानं नजर येईल म्हणे. हळूहळू."

डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू आहे, फार उशीर झाला.

आबांनी लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली. "तू नागपूरले इतकी वर्सं उजेडच शिकला ना? काय असते बाबा उजेड?"

पदार्थविज्ञान वर्गात शिकवायचे तसं महादेवराव सांगू लागले. आवाजात जीव नव्हता. "दोन बारीक फटीतून सोडला, तर समोर काळे-पांढरे पट्टे पडतात. विहिरीत दोन खडे टाकले की लाटा एकमेकीत मिसळतात, कुठं वाढतात, कुठं मरतात, तसं. म्हणजे लाट. पण धातूच्या पत्र्यावर पाडला, तर एकेक दाणा येऊन आपटावा तसा वागते."

"मंग पयले चुकले म्हना शहाणे."

"नाही. दोन्ही खरं. जशी मांडणी करावी तसं दिसते. दोन्ही संगच पाहायले जावं, तर जमत नाही. अन् एक सोडलं, तर उजेड अर्धाच कळते."

"एक काय ते सांगताच येत नाही?"

"मोठमोठे थकले, आबा."

आबांनी मान हलवली. बोटांनी जमिनीवरची वाळकी लिंबोळी चिरडली.

"डाक्टरनं तुले एक सांगतलं, तू मले दुसरंच सांगून राह्यला. हेबी दोन्ही खरं का?"

बैल रवंथ करत होते. महादेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "यातलं एकच खरं आहे. डॉक्टरचं."

"हाव." आबा एवढंच म्हणाले. मग हात पुढं केला. "उनात ने मले."

महादेवरावांनी त्यांना सावलीबाहेर आणलं.

"सूर्य कोनीकडं हाय?"

महादेवरावांनी हनुवटीला धरून त्यांचं तोंड पश्चिमेला वळवलं. आबा तसेच उभे राहिले. डोळे सताड उघडे, थेट सूर्यात. पापणी लवली नाही.

"आबा, डोळे मिटा. त्रास होईल."

"कोनाले?" आबांनी विचारलं.