लिंबाचे डाग

फोन वाजला तेव्हा शवागाराचा मदतनीस बेसिनपाशी उभा राहून बोटांच्या पेरांवर अर्धं लिंबू चोळत होता. साबणाने वासावर वास चढतो, लिंबाने तो तुटतो, हे सव्वीस वर्षांत त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. घरी आणलेली लिंबं जेवणात कमी आणि त्याच्या हातांवरच जास्त जात. पातळ सालीचं, हाताला जड लागणारं लिंबू तो निवडून घ्यायचा आणि कापण्याआधी ओट्यावर दाबून फिरवायचा, म्हणजे रस चांगला सुटतो. नखांच्या कडांना भेगा पडल्या होत्या. रस तिथे शिरला की डोळ्यांत पाणी यायचं. तरी तो चोळायचाच.

मुलीला बाळ झाल्यापासून, म्हणजे गेले एकोणीस दिवस, तो घरीसुद्धा सारखा चोळत होता. पण मुलीने नातवाला त्याच्या हातात काही दिलं नव्हतं. त्याच्या मनगटांपर्यंत तपकिरी चट्टे उठले होते. कुठल्या मढ्याचं काय लागलंय कोण जाणे, असं ती आईजवळ बोलली होती आणि ते त्याच्या कानावर आलं होतं. तेव्हा तो त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवून आला. लिंबू लावून उन्हात जाता का, एवढंच त्यांनी विचारलं. रस कातडीवर राहिला आणि वरून ऊन लागलं की कातडी अशी करपते, म्हणाले. डाग मढ्यांचे नव्हतेच, लिंबाचे होते. हे मुलीला सांगायचं असं ठरवून तो घरी आला, तर बाळ तापाने फणफणलेलं. तसंच उचलून त्याला इथे, वर तिसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खाटेवर आणावं लागलं. त्या धावपळीत हातांचं काय सांगणार.

त्याने ओल्या हाताने फोन घेतला. लहान मुलांच्या वॉर्डातून सिस्टर बोलत होती. एक न्यायचं आहे, म्हणाली. ती नवी होती, त्याला ओळखत नव्हती. त्याने खाट कितवी ते विचारलं.

"अकरा."

त्याने हात पुन्हा धुतले. पुसले. मग ट्रॉली घेऊन तो वर गेला.

जावई कागदांवर सह्या करायला गेला होता. मुलगी खाटेच्या कडेला बसली होती आणि कापडात गुंडाळलेलं बाळ तिने छातीशी घट्ट धरलं होतं. सिस्टरने दोनदा मागितलं होतं, पण तिने दिलं नव्हतं. तो ट्रॉली दाराशीच सोडून आत आला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"मी दुसऱ्या कोणाला तरी वर पाठवतो," तो म्हणाला.

मुलीने मान वर केली.

"त्याला ट्रॉलीवर ठेवायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या."

त्याने हात पुढे केले. तिने बाळ छातीपासून सोडवलं, त्याच्या टोपीची नाडी सारखी केली आणि हळूच बापाच्या हातांवर ठेवलं.

"बाबा, मान सांभाळून."

त्याने तळहात बाळाच्या मानेखाली सरकवला.

"धरलीय," तो म्हणाला.