पाचशे वॅट

थुलानीने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि उमलाझी वस्तीच्या टॅक्सीतळावर एकच जल्लोष झाला. नवा सबवूफर घुमायला लागला, त्याच्या मिनीबस टॅक्सीच्या काचा थडथडल्या. ज्याचा ठोका भारी, त्याच्याच टॅक्सीतून परीक्षा संपलेली ही सगळी पोरं समुद्रावर जाणार होती. या तळावर लुंगेलोच्या टॅक्सीला आजवर कुणी हरवलं नव्हतं. आज थुलानी हरवणार होता! आनंदाने त्याला धड उभंही राहवेना.

एवढ्यात समोरच्या टॅक्सीतून लुंगेलोच हात हलवत धावत आला.

"बंद कर! अरे, बंद कर ते!"

"शेपूट घातलं रे लुंगेलोने!" टपावर नाचणारी नोक्वांडा ओरडली. पोरांनी हुर्यो उडवली.

"तुझा सब जळतोय," लुंगेलो थुलानीच्या कानाशी ओरडला.

"जळेल कसा? सब हजार वॅटचा, ॲम्प्लिफायर पाचशेचा. जपायचं म्हणून मुद्दाम लहान लावलाय!"

"लहान आहे म्हणूनच जळतोय, शहाण्या. ॲम्पचा दम संपलाय आणि तू त्याला पिळतोयस. आवाज फाटलाय, ऐक जरा. तो फाटका आवाजच सबला जाळतो. वास घे, वास!"

ही नक्की याची चाल, थुलानीला वाटलं. तरी तो वाकला. जळक्या वार्निशचा वास नाकात गेला. त्याने झटकन सगळं बंद केलं. सबचा पडदा बोटांनी हळूच दाबला. कुठे घासत नव्हता. वाचला होता.

मान वर करतो तर लुंगेलो स्वतःचा ॲम्प्लिफायर उपसून घेऊन आलेला, वायरी लोंबत होत्या.

"हा हजाराचा. लाव."

"आणि तू काय वाजवणार?"

"लाव म्हणतोय ना!"

बटण अर्ध्यावरच होतं. पण या वेळी ठोका कानावर आलाच नाही, थेट छातीत आला. स्वच्छ, गोल, दणदणीत. पोरं किंचाळत टॅक्सीत घुसली, जागेसाठी एकमेकांना ढकलायला लागली. थुलानी वेड्यासारखा हसत सुटला. लुंगेलो डोळे मिटून, सबच्या खोक्यावर तळवा ठेवून मान डोलवत होता.

गाणं संपलं.

"हरलास की रे!" थुलानी म्हणाला.

"आत्ता कुठे हरवण्याजोगं कुणीतरी भेटलंय." लुंगेलोने बाह्या सरसावल्या. "काढ माझा ॲम्प. माझी पाळी."