गोळ्यांना रामराम

"हा घ्या पुरावा!" अप्पांनी वही निरीक्षकबाईंसमोर आपटली. "चार वर्षांचा रक्तदाब. रोज मोजून माझ्या हाताने लिहिलेला. एक गोळी घेतली असेल तर शपथ."

वहीकडे बघत सुनेने चहाचे कप उतरवले. चहा बशीत सांडला.

कारखाना म्हणजे घराचाच खालचा मजला. एक भट्टी, एक चक्की आणि भिंतीला लागून छातीएवढी रचलेली खोकी. तिथे बनणाऱ्या जडीबुटीच्या पुडीच्या प्रत्येक डब्यावर अप्पांचा हसरा फोटो आणि खाली लाल अक्षरं: 'रक्तदाब उतरवते. गोळ्यांना रामराम!' याच ओळीबद्दल अन्न खात्याकडे कुणीतरी तक्रार केली होती.

खरं काय ते सुनेने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळ्या घेऊनही सासूबाई वारल्या तेव्हा अप्पांनी गोळीला शिवणार नाही अशी शपथ घेतली. डॉक्टरांनी समजावून समजावून हात टेकले आणि शेवटी चिठ्ठी सुनेकडे दिली. तेव्हापासून रोज सकाळी ती गोळी कुटून अप्पांच्या दूध-पुडीत कालवत होती. त्यांना कळतं, तर त्यांनी पेला भिंतीवर फेकला असता. पुढे काय झालं असतं, ते डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

बाई पानं उलटत होत्या. आकडे नीटनेटके, प्रत्येकाखाली ठसठशीत दोन रेघा. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"या आठवड्यात एवढा का चढला?"

"सूनबाई माहेरी गेली होती," अप्पा म्हणाले. "पूड तीच, दूध तेच. पण हिच्या हाताला गुण आहे."

"मग हातच डब्यात भरून विका."

अप्पांचा मुलगा फिसकन हसला. अप्पांनी डोळे वटारताच खाली बघू लागला.

सुनेला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात अप्पांचा जिवलग मित्र, कोपऱ्यावरचा शिंपी, हाच डबा वाचून गोळ्या सोडून बसला आणि एका दुपारी मशीनवरच कोसळला. तोंड वाकडं झालं. त्याला बघून आल्यावर अप्पा दोन दिवस कारखान्यात उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच पेला, तोच हेका.

"नमुना न्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"हा अप्पांचा पेलाच न्या ना," मुलाने भरलेला पेला पुढे सरकवला. "आत्ताच हिने कालवलाय. याहून ताजा कुठे मिळणार?"

पेला मागे ओढायला सुनेने हात पुढे केला.

अप्पांनी झडप घालून पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि तळाला बोट फिरवून चाटलं. "माझी न्याहारी सरकारजमा करतोस, गाढवा? एवढे डबे पडलेत, ते दे!"

"बंद डबाच लागतो," बाई शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी आदेश लिहिला. दाव्याला चाचणीचा आधार नाही. पंधरा दिवसांत ती ओळ प्रत्येक डब्यावरून जायला हवी. "पूड खुशाल विका. औषध म्हणून नको."

परवाना शाबूत राहिला, म्हणून मुलाने कपाळावरचा घाम पुसला. अप्पा मात्र फणफणले. "कोण तो चहाडखोर? समोर येऊ दे, तंगडी मोडतो त्याची!"

"नाव गुप्त असतं. मजकुराची प्रत मिळेल." निघताना बाईंनी घडी घातलेला कागद सुनेच्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा."

दुपारभर तिघं लाल ओळीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसले. सर्वांत जास्त डबे अप्पांनी उरकले, तेही शीळ घालत. शिंप्याच्या घरून निरोप आला: आज तो आधाराशिवाय उठून बसला, गोळ्याही वेळेवर घेतो. सुनेला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं. आता डबा वाचून कुणी गोळ्या सोडणार नव्हतं, आणि पेल्यातलं गुपित पेल्यातच राहिलं होतं.

आवरताना तिने तो कागद उघडला. सही काळ्या शाईने झाकलेली होती. मजकूर दोनच ओळींचा:

'डब्यावरच्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याची सून त्याला पेल्यातून गोळी देते, गेली ४ वर्षं, त्याच्या नकळत.'

चारच्या आकड्याखाली ठसठशीत दोन रेघा होत्या.